एका रात्रीची उधारी

पुण्याच्या कल्याणीनगर भागात १९ मे २०२४ रोजी पहाटे अडीचच्या सुमारास एका भरधाव पोर्शे मोटारीने दुचाकीला धडक दिली. दुचाकीवरील तरुण आणि तरुणी दोघेही २४ वर्षांचे, संगणक अभियंते आणि मूळचे मध्य प्रदेशातील होते. या धडकेत दोघांचाही मृत्यू झाला. मोटारीच्या चालकाचे वय होते १७ वर्षे. बारावीच्या निकालाच्या आनंदात तो मित्रांसह आदल्या रात्री दोन ठिकाणी गेला होता. त्यांपैकी पहिल्याच ठिकाणी दीड तासात ४८ हजार रुपयांचे बिल झाल्याचे पोलिसांनी नंतर जाहीर केले. त्या महागड्या मोटारीची नोंदणीही पूर्ण झालेली नव्हती. त्यासाठीचे १,७५८ रुपयांचे शुल्क भरायचे राहून गेले होते.

व्यापारी कुटुंबांना हे आकडे अधिक काही सांगून जातात. ज्या घरात एका संध्याकाळी ४८ हजार रुपये खर्च होऊ शकतात, त्या घरात १,७५८ रुपयांची अडचण नसते. कमी पडली होती ती शिस्त, आणि 'आपल्या मुलाला काय होणार आहे?' ही खात्री मात्र भरपूर होती. महाराष्ट्रात बिअरसाठी किमान वय २१ आणि कडक मद्यासाठी २५ आहे. चारचाकी चालवण्याचा परवाना १८ वर्षांनंतर मिळतो. म्हणजे त्या रात्री पेल्यापासून किल्लीपर्यंतची प्रत्येक वस्तू त्या मुलाच्या हाती पडण्याआधी कुणीतरी मोठा माणूस तिथे होता, आणि त्याने थांबवले नाही.

पुण्याची ही घटना देशभर गाजली. तिच्यावर संताप व्यक्त झाला, चर्चा झडल्या, आणि काही महिन्यांत लोक दुसऱ्या विषयाकडे वळले. ज्यांच्या घरात ती घडली, त्यांना मात्र असे वळता येत नाही. किशोरवयातील मद्यपान आणि त्या अवस्थेत हाती घेतलेले वाहन यांचे परिणाम रात्रीपुरते राहत नाहीत. ते वर्षानुवर्षे वसूल होत राहतात आणि ज्यांनी पेल्याला हातही लावलेला नसतो, त्यांच्याकडूनही वसूल होतात.

अपघात एकाचा, आरोपी किती?

अपघातानंतर काही तासांतच बाल न्याय मंडळाने त्या मुलाला जामीन दिला. रस्ते अपघात या विषयावर ३०० शब्दांचा निबंध लिहावा, अशी त्यातील एक अट होती. या अटीवर देशभर टीका झाली. पुढे मुलाची रवानगी निरीक्षणगृहात झाली आणि जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने त्याची सुटका झाली. त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवावा, ही पोलिसांची मागणी बाल न्याय मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली.

या प्रकरणाची दुसरी बाजू प्रत्येक कुटुंबप्रमुखाने लक्षपूर्वक पाहावी अशी आहे. अपघाताच्या वेळी मोटारीच्या चाकामागे एकच मुलगा होता. पण पुढील काही दिवसांत त्याचे वडील, आजोबा आणि आई या तिघांनाही अटक झाली. कुटुंबाच्या वाहनचालकावर दोष स्वतःवर घेण्यासाठी दबाव आणल्याचा आणि त्याला डांबून ठेवल्याचा आरोप झाला. मुलाच्या रक्ताचा नमुना बदलून तिथे दुसऱ्याचे रक्त ठेवल्याच्या आरोपावरून शासकीय रुग्णालयातील दोन डॉक्टर आणि एक कर्मचारी गजाआड गेले. अटक म्हणजे दोषसिद्धी नव्हे, हे खरे. या आरोपांचा निर्णय न्यायालयच करील. तरीही एक गोष्ट निकालाची वाट न पाहता स्पष्ट दिसते. अपघाताने एका मुलाला आरोपीच्या पिंजऱ्यापर्यंत नेले, आणि तो झाकण्याच्या कथित प्रयत्नाने तीन पिढ्यांना.

व्यापारात एक जुना नियम आहे. चुकीची नोंद झाली, तर ती खोडायची नसते. दुरुस्तीची नोंद उघडपणे करायची असते. खाडाखोड केलेली वही सगळ्या व्यवहाराविषयी संशय निर्माण करते. हा नियम पेढीवर काटेकोरपणे पाळणारी माणसे मुलाच्या बाबतीत मात्र तो विसरतात, आणि पुढील नुकसानीचा मोठा भाग या विसरण्यातून येतो.

कोवळा मेंदू आणि मद्य

'एखाद्या वेळेस घेतली तर काय बिघडले?' हा प्रश्न आता केवळ मुलेच विचारत नाहीत. त्याचे उत्तर शरीरशास्त्राकडे आहे. माणसाचा मेंदू वयाच्या पंचविशीपर्यंत घडत असतो. कपाळामागील भाग, म्हणजे परिणामांचा विचार करणारा आणि मनाला आवर घालणारा भाग, सर्वांत शेवटी परिपक्व होतो. उत्साह, धाडस आणि मित्रांची वाहवा मिळवण्याची ओढ यांच्याशी निगडित भाग मात्र त्याआधीच जोमाने काम करू लागतात. किशोरवयीन मुलाची अवस्था म्हणजे वेग पूर्ण आणि ब्रेक अपुरा, अशी असते. मद्य त्या अपुऱ्या ब्रेकवरच पहिला घाव घालते.

त्यात आणखी एक फसवी गोष्ट आहे. प्रौढ माणसाला मद्यामुळे लवकर गुंगी येते, पाय लटपटतात आणि शरीरच त्याला थांबण्याची सूचना देते. किशोरवयात ही गुंगी तुलनेने उशिरा जाणवते, असे संशोधनातून दिसते. त्यामुळे मुलगा अधिक पितो, अधिक वेळ जागा राहतो आणि 'मला काहीही झालेले नाही' असे त्याला मनापासून वाटते. तो खोटे बोलत नसतो. त्याचे शरीरच त्याला चुकीची बातमी देत असते. स्मरणशक्तीवर होणारा परिणाम मात्र याच वयात अधिक तीव्र असतो. रात्री काय घडले, हे सकाळी आठवत नाही, असे सांगणारी मुले पुष्कळदा खरेच सांगत असतात.

दीर्घकालीन परिणाम याहून गंभीर आहेत. अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर झालेल्या पाहणीतून असे आढळले की, पंधरा वर्षांच्या आत मद्यपान सुरू करणाऱ्यांमध्ये पुढे व्यसनाधीन होण्याचे प्रमाण वीस वर्षांनंतर सुरुवात करणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे चौपट होते. याचा अर्थ प्रत्येक मुलगा व्यसनी होईल असा नाही. पण सुरुवात जितकी लांबेल तितका धोका कमी, एवढे त्यातून निश्चित कळते. मुलाच्या आयुष्यातील ही चार-पाच वर्षे सांभाळणे, हे पालकांचे मोठे काम आहे.

अर्धा सेकंद आणि आठ मीटर

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. मद्यामुळे चालकाचा पाय ब्रेकवर पोहोचण्यास केवळ अर्धा सेकंद उशीर झाला, तरी वाहन आठ मीटर पुढे गेलेले असते. ताशी १०० किलोमीटर वेगात हेच अंतर चौदा मीटर होते. अरुंद रस्त्यावर, अंधारात, समोर पायी चालणारा माणूस असताना आठ मीटरचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगावे लागत नाही. त्यात मद्यामुळे नजरेचा परीघ आकुंचन पावतो. चालकाला समोरचे दिसते, पण बाजूने येणारे उशिरा जाणवते. रात्रीच्या दिव्यांनी दिपलेले डोळे पूर्ववत होण्यासही अधिक वेळ लागतो.

भारतात १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यांश असताना वाहन चालवणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा तोच गुन्हा घडल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, १५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. ज्याचे मद्यपानाचेच वय झालेले नाही, त्याच्यासाठी मर्यादा शून्य मानणे हेच शहाणपणाचे.

यकृत मद्याचा निचरा ठरावीक गतीनेच करते. रक्तातील मद्यांश तासाला साधारण १५ ते २० मिलिग्रॅमने कमी होतो. कडक कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची अंघोळ किंवा उलटी यांपैकी कशानेही ही गती वाढत नाही. रात्री दोन वाजता एखाद्याच्या रक्तात १२० मिलिग्रॅम मद्यांश असेल, तर सकाळी सात वाजताही तो ३० च्या मर्यादेवर राहू शकतो. रात्री मित्राकडे थांबून 'झोप काढून' सकाळी गाडी चालवत घरी येणारा मुलगाही म्हणूनच निर्धोक नसतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या नोंदीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत सुमारे दोन तृतीयांश १८ ते ४५ वयोगटातील, म्हणजे घराचा भार उचलणारी किंवा उद्या उचलणार असलेली होती. एकूण मृतांपैकी ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवर होते. मोठ्या मोटारीत बसलेल्या मुलाभोवती पोलादाचा पिंजरा आणि हवेच्या पिशव्या असतात. समोरच्या दुचाकीस्वाराजवळ, फार तर, हेल्मेट असते. मोटारीतील मुलाच्या एका चुकीची किंमत म्हणूनच बहुधा दुसऱ्याच्या घरातून वसूल होते.

किल्ली देणाऱ्याची जबाबदारी

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९९ अ समाविष्ट झाले. अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केला, तर त्याचे पालक किंवा वाहनाचा मालक दोषी मानला जातो. शिक्षा आहे तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५ हजार रुपये दंड. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षे पूर्ण होईपर्यंत वाहन परवाना मिळत नाही. मुलाने वाहन पालकांच्या संमतीनेच नेले, असे कायदा गृहीत धरतो. 'मला ठाऊक नव्हते' किंवा 'मी पुरेशी काळजी घेतली होती' हे सिद्ध करण्याची जबाबदारी पालकांवर किंवा मालकावर असते. किल्ली दिवाणखान्यातील खुंटीवर लटकत असेल, आणि 'सोसायटीच्या आवारात चालव' म्हणून मुलाला वर्षभर सराव दिलेला असेल, तर हे सिद्ध करणे कठीण जाते.

भरपाईचा हिशेब

अनेकांची समजूत असते की, विमा आहे, तर पैशांची काळजी नाही. ही समजूत अर्धवट आहे. परवाना नसलेल्याच्या हाती मालकाने वाहन दिले असेल, तर न्यायाधिकरण विमा कंपनीला पीडितांना रक्कम देण्यास सांगते आणि नंतर ती वाहनमालकाकडून वसूल करण्याची मुभा देते. मद्याच्या अमलाखाली चालवलेल्या स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीची भरपाईही विमा पॉलिसीतून वगळलेली असते.

दिल्लीतील एक प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. ४ एप्रिल २०१६ रोजी एका अल्पवयीन मुलाने चालवलेल्या मर्सिडीज मोटारीच्या धडकेने रस्ता ओलांडणारा ३२ वर्षांचा तरुण ठार झाला. या घटनेत प्रश्न मद्याचा नव्हता; तो अल्पवयीनाच्या हातातील भरधाव मोटारीचा होता. मुलगा अठरा वर्षांचा होण्यास केवळ काही दिवस उरले होते. त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवावा का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२० मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. पण नुकसानभरपाईचा दावा चालूच होता. जुलै २०२४ मध्ये, म्हणजे आठ वर्षांनी, न्यायाधिकरणाने मृताच्या आईवडिलांना सुमारे १ कोटी ९८ लाख रुपये देण्याचा आदेश दिला. त्यांतील ७७ लाखांहून अधिक रक्कम केवळ व्याजाची होती. मुलाला आवर घालण्यात वडील कमी पडले, यावर न्यायाधिकरणाने बोट ठेवले. विमा कंपनीने पैसे भरावेत आणि ज्या कंपनीच्या नावावर मोटार होती तिच्याकडून ते वसूल करावेत, अशी मुभा देण्यात आली. मोटार फर्मच्या नावावर असली की घसारा मिळतो आणि करात सवलत होते, हे प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक असते. मुलाच्या एका फेरीची जबाबदारीही त्याच फर्मवर येते, हे मात्र क्वचित ध्यानात येते.

भरपाई ठरते कशी, हेही समजून घ्यावे. समजा, महिना ३० हजार रुपये कमावणारा २४ वर्षांचा एक अविवाहित तरुण अपघातात गेला. त्याचे वार्षिक उत्पन्न ३ लाख ६० हजार. कायम नोकरी नसली, तरी भविष्यातील वाढीपोटी त्यात ४० टक्के मिळवले जातात. रक्कम ५ लाख ४ हजार होते. त्यातून स्वतःच्या खर्चापोटी निम्मी वजा केली की उरतात २ लाख ५२ हजार. या वयासाठी सर्वोच्च न्यायालयाने ठरवलेला गुणक १८ आहे. त्यानुसार ४५ लाख ३६ हजार रुपये होतात. त्यावर अंत्यविधी आदी बाबींची ठरावीक रक्कम आणि निकालापर्यंतचे व्याज वेगळे. हा हिशेब गणिताने सुटतो. ज्या आईवडिलांनी कर्ज काढून मुलाला शिकवले आणि पहिल्या पगाराचा आनंद नुकताच पाहिला, त्यांच्या घरातील पोकळीला कोणताही गुणक लागू होत नाही.

वाचलेल्याचे आयुष्य

अपघातातून वाचलेल्या मुलाकडे समाज रागाने पाहतो, आणि तो राग समजण्यासारखा आहे. तरी त्याच्या पुढील आयुष्याचा विचार केल्याशिवाय या प्रश्नाची व्याप्ती कळत नाही.

तो स्वतः जखमी झाला असेल, तर डोक्याला किंवा मणक्याला बसलेला मार जन्मभर साथ करतो. हाड जुळते, जखम भरते. पण मेंदूला झालेल्या इजेनंतर स्मरणशक्ती, एकाग्रता आणि स्वभाव बदलू शकतो. आईला ओळखीचा मुलगा परत मिळाला असे वाटत नाही, आणि हे दुःख तिला कोणापुढे मांडताही येत नाही. शरीराने सुखरूप असेल, तर मनात ती रात्र राहते. ब्रेकचा आवाज, लोकांची ओरड, पोलीस ठाण्यातील दिवा. झोप न लागणे, एकाकीपणा, आणि दुःख बुडवण्यासाठी पुन्हा मद्याकडेच वळणे, हे अशा मुलांच्या बाबतीत घडते.

बाल न्याय कायदा अल्पवयीनाला सुधारण्याची संधी देतो. त्याची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई आहे, आणि सामान्यतः त्या गुन्ह्याचा डाग पुढील आयुष्यात अपात्रता ठरू नये, अशीही तरतूद आहे. ही तरतूद योग्यच आहे. सतरा वर्षांच्या मुलाला कायमचे गुन्हेगार ठरवून कोणाचेच भले होत नाही. पण अठरा पूर्ण होताच हे संरक्षण संपते. अठरा वर्षे एक दिवसाचा तरुण तेच कृत्य करील, तर तो प्रौढ आरोपी असतो. अमेरिकेच्या व्हिसाच्या अर्जात पूर्वी कधी अटक झाली होती का, हा प्रश्न असतोच. महाविद्यालयाच्या ऐन वर्षांत न्यायालयाच्या तारखा सांभाळणाऱ्या तरुणाचे शिक्षण, व्यवसाय आणि विवाह तिन्ही रेंगाळतात.

कायदा काही गोष्टी विसरतो. बाजार विसरत नाही. पेढीची पत दोन-तीन पिढ्यांच्या शब्दावर उभी असते. 'त्यांचा मुलगा' एवढ्या दोन शब्दांनी ती डळमळते. त्यात घरातील धाकट्या बहिणीचा किंवा चुलतभावाचा काहीही दोष नसतो.

करणे, करवणे, अनुमोदन देणे

जैन कुटुंबात मद्यत्यागाचा संस्कार नवा नाही. सप्तव्यसनांत मद्याचा समावेश आहे, आणि प्रमादाच्या प्रचलित पाच प्रकारांत मद्याचे नाव पहिले येते. आचार्य हेमचंद्रांनी 'योगशास्त्रा'त मद्याच्या दोषांची सविस्तर चर्चा केली आहे. आचार्य अमृतचंद्रांनी 'पुरुषार्थसिद्ध्युपाया'त मद्य, विस्मरण आणि हिंसा यांचा संबंध दाखवला आहे: मद्याने मन मोहित होते, मोहित मनाला धर्माचा विसर पडतो, आणि असा माणूस निःशंकपणे हिंसा करतो. रस्त्यावरील मद्यधुंद वाहनाचे याहून नेमके वर्णन सापडणे कठीण.

याच परंपरेने कर्माची जबाबदारी तीन प्रकारे सांगितली आहे: स्वतः करणे, दुसऱ्याकडून करवणे आणि करणाऱ्याला अनुमोदन देणे. कायद्यात २०१९ मध्ये आलेली पालकांची जबाबदारी प्रतिक्रमण करणाऱ्या माणसाला म्हणूनच अपरिचित वाटू नये. मुलाच्या हाती किल्ली देणे हे करवणे आहे. संगीताच्या रात्री मंडपाच्या मागील बाजूस मद्याची 'वेगळी सोय' ठेवणे, आणि मुले तिकडे गेल्याचे दिसूनही न पाहिल्यासारखे करणे, हे अनुमोदन आहे. पुढे भोजनाच्या मंडपात कांदा-लसूण चालणार नाही म्हणून आचाऱ्याला बजावले जाते, आणि मागे पेले भरले जातात. ही विसंगती मुलांच्या नजरेतून सुटत नाही. नियम पाहुण्यांना दाखवण्यासाठी असतात, एवढाच बोध ती त्यातून घेतात.

तथापि, याच घरांपुढे एक वेगळी अडचण उभी असते आणि तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. ज्या घरात मद्याचे नाव काढणेही निषिद्ध असते, त्या घरातील मुलाने एखाद्या रात्री मित्रांच्या आग्रहाने ते घेतले, तर तो घरी फोन कसा करणार? वडिलांचा संताप, आजीचे अश्रू आणि नातलगांतील बदनामी त्याच्या डोळ्यांपुढे येते. त्यापेक्षा गुपचूप गाडी काढून, सगळे झोपेत असताना घरात शिरणे त्याला सोपे वाटते. मुलाला गाडी चालवण्यास भाग पाडते ती पुष्कळदा मस्ती नसते, भीती असते. आणि अपघात घडल्यावर वडिलांना लपवाछपवीकडे ढकलते तीही तीच भीती: लोक काय म्हणतील? एकाच भीतीने मुलगा पहिली चूक करतो आणि बाप दुसरी.

मद्याचा निषेध कायम ठेवूनही ही भीती दूर करता येते. त्यासाठी चूक सांगण्याचा रस्ता घरात उघडा हवा. आलोचनेचा अर्थच मुळी आपला दोष स्वतःहून उघड करणे असा आहे. संवत्सरीला शेकडो लोकांना 'मिच्छामि दुक्कडम्' पाठवणाऱ्या घरात मुलाला आपली एक चूक वडिलांना सांगता येत नसेल, तर क्षमापनेचा खरा उपयोग व्हायचा बाकीच आहे.

घरात काय ठरवावे

पहिला ठराव फोनचा असावा. 'तू कुठेही, कोणत्याही अवस्थेत आणि रात्री कितीही वाजता असलास तरी फोन कर. आम्ही न्यायला येऊ. रात्री एक शब्द विचारणार नाही. बोलायचे ते दुसऱ्या दिवशी शांतपणे बोलू.' हे वचन मुलांना आणि मुलींना, दोघांनाही स्पष्ट शब्दांत द्यावे आणि प्रसंग आल्यास पाळावे. ते एकदा मोडले, तर पुन्हा फोन येत नाही. मित्राने मद्य घेतले असेल, तर त्याच्या गाडीत बसायचे नाही, हेही याच वचनाचा भाग आहे.

दुसरा ठराव किल्लीचा. परवाना हाती येईपर्यंत वाहन नाही. आवारात नाही, शेतघराच्या रस्त्यावर नाही आणि दुकानापर्यंत माल पोहोचवण्यासाठीही नाही. परवाना मिळाल्यावरही पहिली काही वर्षे उशिरा रात्री एकट्याने गाडी नेऊ नये. फर्मच्या वाहनांची किल्ली कोणी, केव्हा नेली याची साधी नोंद ठेवावी. जिथे मालाच्या प्रत्येक नगाची नोंद होते, तिथे हे अवघड नाही. घरातील वाहनचालकालाही स्पष्ट सांगून ठेवावे की, 'छोट्या शेठ'ने मागितली तरी किल्ली द्यायची नाही, आणि यामुळे त्याच्या नोकरीला धक्का लागणार नाही.

तिसरा ठराव समारंभांचा. विवाह, वाढदिवस, निकालाचा आनंद यांत मद्य नसेल, हे निमंत्रण देतानाच ठरलेले असावे. समाजातील चार प्रतिष्ठित घरांनी हे पाळले, तर पाचव्याला वेगळे धैर्य लागत नाही.

चौथा ठराव अपघाताच्या प्रसंगाचा. तो कधीच येऊ नये. पण आला, तर काय करायचे हे मुलाला आधी ठाऊक हवे. थांबायचे. १०८ किंवा ११२ क्रमांकावर मदत मागवायची. जखमीला रुग्णालयात पोहोचवायचे आणि पोलिसांना खरे सांगायचे. ही चालकाची कायदेशीर जबाबदारीच आहे. वडिलांनी वकील जरूर द्यावा, तो प्रत्येकाचा हक्क आहे. पण चालक बदलणे, पुरावा नाहीसा करणे हे स्वतंत्र गुन्हे आहेत.

मद्याची सवय लागली असल्याची शंका आली, तर ती झाकू नये. मानसिक आरोग्यासाठी केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेले 'मुक्तांगण' हे केंद्र आजही व्यसनमुक्तीचे काम करते. व्यसन हा आजार आहे. मधुमेहाचे निदान लपवून तो बरा होत नाही, तसेच हेही.

कल्याणीनगरच्या त्या रस्त्यावरून आज पूर्वीसारखीच वाहतूक चालते. मध्य प्रदेशातील दोन घरांत मात्र दोन फोन कायमचे यायचे थांबले आहेत, आणि पुण्यातील एका घरातील तीन पिढ्यांच्या नावांपुढे न्यायालयाच्या तारखा लागल्या आहेत. त्या रात्री ही सगळी उधारी टाळण्यासाठी फार काही लागणार नव्हते. कोणीतरी किल्ली काढून घेतली असती किंवा मुलाने न भिता घरी फोन केला असता, तरी पुरेसे होते. येत्या निकालाच्या किंवा लग्नसराईच्या हंगामापूर्वी प्रत्येक घराने मुलांना समोर बसवून एवढे बोलून घ्यावे.